मिरजेला गाडी बदला

आमच्या पिढीच्या बेळगावकराला मिरज स्टेशन आठवते ते गाडी बदलण्यासाठी. पुण्याहून आलेली ब्रॉडगेज गाडी तिथे थांबायची आणि ट्रंक, वळकटी, पाण्याचा तांब्या, झोपेतले धाकटे भावंड असा सगळा संसार उचलून पलीकडच्या मीटरगेजच्या डब्यात शिरावे लागायचे. मी एकदा आईला विचारले होते, "हीच गाडी पुढे का जात नाही?" तिने फार न सांगता म्हटले, "आपल्याकडचे रूळ लहान आहेत रे." ते उत्तर मला तेव्हा आपल्या गावाच्या अपमानासारखे वाटले होते.

ही आठवण परत आली ती २०२१ च्या दिवाळीत, बालाघाटला ताईच्या घरी. निमित्त होते भाच्याला कोणते व्हिडिओ गेमचे यंत्र घ्यावे याचे.

बालाघाट म्हणजे कुठे, असे आमच्या कॉलेजातही विचारतात. मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या काठी, गोंदियाच्या वर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपला भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. म्हणजे तेही एक सीमेवरचे गाव. घरात मराठी, गल्लीत पोवारी, बाजारात हिंदी. ताईला तिथे गेल्यावर फार परके वाटले नाही याचे मला कधी नवल वाटले नाही. दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभे राहायची सवय तिला शहापुरातच लागली होती.

दाजी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीच्या कामात. पोराच्या शिक्षणासाठी त्यांनी बालाघाट शहरात भाड्याने घर घेतले आणि स्वतः शनिवार-रविवार येऊ लागले. हे नेमके २०२० च्या सुरुवातीला. नवी शाळा सुरू होते न होते तोच टाळेबंदी आली. नव्या वर्गातली मुले भाच्याने दीड वर्ष मोबाईलच्या चौकोनात पाहिली, तीही बहुतेकांचा कॅमेरा बंद. मी पोहोचलो तेव्हा तो नववीत होता आणि घरात पाहुण्यासारखा वावरत होता. ताई हळूच म्हणाली, "बोलतच नाही रे. जेवायला हाक मारली की येतो, ताट घासून ठेवतो आणि जातो." आईला मुलाने ताट घासून ठेवल्याचे दुःख व्हावे, हे मी पहिल्यांदा पाहिले.

त्याने मागितली होती एकच गोष्ट, प्लेस्टेशन. आणि दाजींनी ठरवले होते एक्सबॉक्स. मामा शिकलेला, म्हणून निवाड्याचे काम माझ्याकडे.

ज्यांच्या घरी ही भानगड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही टीव्हीला जोडायच्या पेट्या. प्लेस्टेशन जपानच्या सोनीची. १९९४ च्या डिसेंबरात पहिली बाजारात आली. एक्सबॉक्स अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टची, २००१ पासूनची. भारतात त्यांची खरी चढाओढ दिसली ती २००६ मध्ये, एक्सबॉक्स ३६० आले तेव्हा. अक्षयकुमार आणि युवराज सिंग यांच्या जाहिराती होत्या, किंमत १९,९९० रुपयांपासून. पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ३ आले ३९,९९० ला. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो, त्यामुळे त्या किमती मी फक्त पेपरात वाचल्या. सोनीच्या जुन्या, स्वस्त झालेल्या प्लेस्टेशन २ साठी मात्र २००९ मध्ये भारतात बनलेले खेळ निघाले. त्यातल्या 'देसी अड्डा'मध्ये कबड्डी होती, पतंग होते आणि विटीदांडूही होता, म्हणजे आपल्या कन्नड घरांतला चिण्णी-दांडू. गल्लीत फुकट मिळणारा खेळ पेटीत घालून विकायचा, ही कल्पना मला तेव्हा हास्यास्पद वाटली होती. आता तेवढी वाटत नाही.

दाजींनी वहीत आकडे मांडून ठेवले होते. एक्सबॉक्स सिरीज एस भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये आले, ३४,९९० रुपयांना. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४९,९९० ला. फरक पंधरा हजारांचा. शिवाय एक्सबॉक्सवर महिन्याची वर्गणी भरली की शेकडो खेळ खुले होतात, आणि प्लेस्टेशनचा एकेक नवा मोठा खेळ चार-पाच हजारांना. दाजी खाणीतला माणूस, खर्चाचा दगड आधी वाजवून बघणारा. हिशेब चोख होता. मी वही मिटली आणि म्हटले, "दाजींचे बरोबर आहे."

भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, पण त्यात दुसऱ्याची डिस्क जात नाही."

एवढेच. उठून आत गेला.

मग मी यंत्रांची माहिती काढायला बसलो, जी खरे तर निवाड्याच्या आधी काढायला हवी होती. सिरीज एसला डिस्क घालायची खाचच नाही. जो खेळ हवा तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. प्लेस्टेशनचीही एक बिनखाचेची आवृत्ती होती, ३९,९९० ची. खाच हवी तर दोन्ही कंपन्यांत ४९,९९० मोजायचे. एक्सबॉक्सचे खाचवाले थोरले भावंड सिरीज एक्स, तेही त्याच किमतीचे. दाजी चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे पंधरा हजारांना नुसती खाच?"

गल्लीच्या टोकाला दोन भाऊ राहत होते. त्यांच्याकडे जुने प्लेस्टेशन ४ होते आणि डिस्कांचा एक बुटाचा खोका. टाळेबंदी सैल झाल्यावर भाचा ज्यांच्याशी बोलला अशी गावातली ही दोनच मुले. प्लेस्टेशन ५ वर जुन्या चारच्या जवळजवळ सगळ्या डिस्का चालतात. एक्सबॉक्सवर, मग ते कितीही महागाचे घ्या, एकही चालत नाही. रुळांची रुंदीच वेगळी. मग जुने चारच घेऊ, असे दाजींनी गोंदियाच्या दुकानदाराला फोनवर विचारून पाहिले. त्याच्याकडे ते संपले होते.

आणि इंटरनेट म्हणाल, तर घरात मोबाईलचेच होते, रोजचे २ जीबी. ५० जीबीचा एक खेळ उतरवायचा तर पंचवीस दिवस, तेही घरात दुसऱ्या कोणी व्हॉट्सअॅपसुद्धा उघडायचे नाही. वर्गणीतले शेकडो खेळ त्या नळातून थेंबथेंब येणार होते. हे गणित दाजींच्या वहीत नव्हते, माझ्याही डोक्यात नव्हते. नववीतल्या पोराने मनात करून ठेवले होते. डिस्कवरचे खेळही पुढे थोडेफार उतरवून घ्यावे लागतात, हे खरे. पण निदान ताट वाढलेले असते, वरची चटणीच काय ती मागवायची.

या डिस्कवरून या दोन कंपन्या एकदा जगासमोर भांडल्याही आहेत. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्ससाठी जाहीर केले की यंत्राला दर चोवीस तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल, आणि विकत घेतलेला खेळ दुसऱ्याला द्यायचा तर त्यावर अटी. सोनीने त्याच जूनमध्ये एक छोटीशी चित्रफीत काढली, प्लेस्टेशनचा खेळ मित्राला कसा द्यावा ते शिकवणारी. त्यात एक माणूस डिस्कची डबी शेजारच्याच्या हातात देतो. तो म्हणतो, थँक्स. संपले. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच त्या अटी मागे घेतल्या, पण तेवढ्यात व्हायचे ते झाले होते. प्लेस्टेशन ४ पुढे ११ कोटी ७० लाखांवर खपले. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून आपल्या यंत्रांच्या खपाचे आकडे सांगणेच सोडून दिले. ते यश एकट्या चित्रफितीचे नव्हे, किंमतही शंभर डॉलरने कमी होती. तरीही उसने देण्याघेण्याची माणसाला किती ओढ असते, हे एवढ्या मोठ्या कंपनीला कळू नये याची गंमत वाटते. आपल्याकडे विरजणसुद्धा शेजारून येते.

आता माझी गोष्ट, जी मी त्या रात्री दाजींना सांगितली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शहापुरात आमच्या गल्लीत एकच व्हिडिओ गेम होता, समोरच्या कन्नड घरात. तेव्हा बाजारात समुराई होते, मीडिया होते, आणि नाव नसलेले डझनभर. कुठले चांगले यावर आम्ही शाळेत हमरीतुमरीवर यायचो. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक एकाच जपानी यंत्राचे, १९८३ च्या फॅमिकॉमचे, अवतार किंवा नकला. त्यामुळे कोणाचीही कॅसेट कोणाच्याही यंत्रात बसायची. बसली नाही तर काढून फुंकर मारायची, मग बसायची. यंत्र घेण्याची आमच्या घरची ऐपत नव्हती. पण मुंबईच्या मावशीने मला एक कॅसेट दिली होती, काँट्राची. यंत्र नसलेल्या मुलाकडे कॅसेट. ती खिशात घालून मी समोरच्या दारात जाऊन उभा राहिलो.

त्या मुलाशी मी तोवर बोललो नव्हतो. दुकानांच्या पाट्यांवरून वातावरण तापायचे, मोठी माणसे आवाज खाली करून बोलायची, ते आम्हालाही कळायचे. त्याची आई बाहेर आली, माझ्या हातातल्या कॅसेटकडे पाहिले आणि म्हणाली, "बा, कुंदर." ये, बस. काँट्रा दोघांनी मिळून खेळायचा खेळ. एकाने डावीकडे बघायचे, एकाने वर. 'डाकडे', 'वर', 'मुंद', 'हिंद' असे ओरडत मी जे कन्नड शिकलो ते आजही स्टाफरूममध्ये कामाला येते, व्याकरणासकट नसले तरी. ती कॅसेट मी परत आणलीच नाही. अजून त्यांच्याकडे असेल.

दाजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमचे ठीक आहे, तुमची कॅसेट फुकटची होती." पंधरा हजार म्हणजे त्यांच्या स्कूटरचे इंजिनकाम आणि ताईच्या दाताचे काम. मला यावर उत्तर नव्हते. पाव्हण्याने दुसऱ्याच्या खिशातून उदार व्हावे, यासारखी सोपी गोष्ट नाही. मी थोडी रक्कम देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. ताईने मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, पोहे परतता परतता, दाताचे पुढच्या वर्षी बघू असे सांगून टाकले. मला ते आवडले नाही आणि मी गप्प बसलो.

त्या वर्षी प्लेस्टेशन ५ सहज मिळत नव्हते. जानेवारीत आगाऊ नोंदणी सुरू झाली तेव्हा काही मिनिटांत सगळे संपले होते आणि पुढेही तीच तऱ्हा. गोंदियाच्या दुकानात नाव लिहून ठेवले. गोंदिया-बालाघाट मार्गही कधी काळी सातपुड्याच्या नॅरोगेजचा होता. आता ब्रॉडगेज, त्यामुळे मार्चमध्ये खोके आले ते मधे कुठे उतरवावे न लागता, दाजींच्या मांडीवर बसून. त्या संध्याकाळी गल्लीच्या टोकाचे दोघे भाऊ बुटाचा खोका घेऊन दारात उभे होते. ताईने मला फोन लावून तो टीव्हीसमोर धरला. दिसत काहीच नव्हते, नुसता आरडाओरडा. हिंदी, मधेच पोवारी, आणि एकदा मराठीत, "अरे मागे बघ, मागे!" तो आमच्या पोराचा आवाज होता.

पुढे रूळही बदलत गेले. काही खेळ दोन्ही यंत्रांवरची मुले एकत्र खेळू शकतात. सोनीने २०१८ मध्ये फोर्टनाइटपासून ते दार किलकिले केले होते. २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट तोवर प्लेस्टेशनला न दिलेले आपले काही खेळही प्लेस्टेशनवर विकू लागली आणि २०२५ च्या एप्रिलात तिचा गाड्यांच्या शर्यतीचा गाजलेला फोर्झा होरायझन ५ सुद्धा तिथे आला. मिरजेचे रूळ रुंद व्हायला किती वर्षे लागली होती, त्या मानाने हे लवकरच म्हणायचे. पण दुसऱ्या यंत्राची डिस्क घ्यायला खाच अजून तयार नाही.

२०२५ मध्ये बारावी होऊन भाचा नागपूरला इंजिनिअरिंगला गेला. यंत्र बालाघाटलाच राहिले, हॉस्टेलात चोरीला जाईल म्हणून. ताईचा मध्ये फोन आला होता. दोघा भावांतला धाकटा अजून येतो म्हणे, रविवारी, डिस्क बदलायला. भाचा नाही हे माहीत असून येतो. दाजी घरी असले तर त्यांना क्रिकेटच्या खेळात हरवतो. "आणि तुझे दात?" मी विचारले. "झाले की रे केव्हाच," ती म्हणाली. "तू ते सोड. त्या खोक्यात आपल्या चार डिस्का कुठल्या आणि त्यांच्या कुठल्या, तेच आता कळत नाही. त्याला विचारून सांग."

मी विचारले. त्यालाही आठवत नव्हते.