'पेशवे' गेले कुठे? नावाने संघ उभा राहत नाही

१/ पुण्याच्या नावाने 'पेशवाज' हा व्यावसायिक बास्केटबॉल संघ खेळत होता, हे आज किती जणांच्या स्मरणात आहे? २०१५ ते २०१७ या काळात यूबीए लीगचे चार हंगाम झाले. आठ संघांपैकी दोन महाराष्ट्राचे होते: 'पुणे पेशवाज' आणि 'मुंबई चॅलेंजर्स'. पाचवा हंगाम आलाच नाही. हा थ्रेड त्या न आलेल्या हंगामाविषयी आहे.

२/ या अपयशाचे एक तयार स्पष्टीकरण सर्वत्र फिरते: "कबड्डी आपल्या मातीतली म्हणून टिकली, बास्केटबॉल परका म्हणून गेला." ऐकायला हे गोड आहे, परंतु इतिहासाच्या कसोटीवर ते क्षणभरही टिकत नाही. क्रिकेट काय सह्याद्रीच्या कुशीत जन्मले होते?

३/ बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मधला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात छताखाली खेळता यावा म्हणून तो रचला. त्याच वायएमसीएच्या वाटेने तो भारतात आला. म्हणजे मूळ परके, हे मान्य. परंतु मूळ परके असणे आणि येथे मुळे न धरणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

४/ पुरावा हवा असेल तर मुंबईचे नागपाडा पाहा. दाट वस्तीच्या या कामगार भागात बास्केटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. तेथूनच अब्बास मुन्तसिर घडले. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. कोणत्याही लीगविना, कोणत्याही ऐतिहासिक नावाविना एका मोहल्ल्याने हा खेळ आपला केला. मग 'परका' हा शब्द कोणाला लावायचा?

५/ आता वऱ्हाडाकडे या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ मध्ये मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि ऑलिम्पिकच्या निमित्ताने जमलेल्या जगाला त्याने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे: त्या ऑलिम्पिकचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग हे होते, कबड्डी नव्हे. अभिमान बाळगावा, पण नेमका बाळगावा.

६/ योगायोग असा की त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉलला प्रथमच ऑलिम्पिक पदकांचा मान मिळाला. १४ ऑगस्ट १९३६ रोजी उघड्या मैदानावर, भर पावसात अंतिम सामना झाला. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. एका खेळाच्या हाती पदके होती, दुसऱ्याच्या हाती केवळ प्रात्यक्षिक. ऐंशी वर्षांनंतर भारतात चित्र उलटे का झाले, हा खरा प्रश्न आहे.

७/ उत्तर मातीत नाही, मेहनतीत आहे. हुतूतूच्या नियमांना गेल्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्र आणि बडोद्यात आकार देण्यात आला. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ उभा राहिला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचले. १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले. व्यावसायिक लीग आली ती २०१४ मध्ये. आधी मंडळे, मग महासंघ, मग लीग, असा हा क्रम आहे.

८/ बास्केटबॉलमध्ये हा क्रम उलटा फिरवण्यात आला. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या या देशात २०१० साली महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी तीस वर्षांचा करार केला. अपेक्षित लीग त्यातून उभी राहिली नाही. २०१५ मध्ये महासंघातच फूट पडली: दोन निवडणुका, दोन अध्यक्ष. त्याच वर्षी यूबीएचा पहिला हंगाम झाला, तोही महासंघाच्या छत्राबाहेर. पाया खचत असताना कळसाला सोन्याचा मुलामा देण्याचा हा प्रकार होता.

९/ कबड्डीला मोठ्या वाहिनीचे बळ लाभले, हे खरेच. पण वाहिनी प्रेक्षक देते. खेळाडू गावोगावची मंडळेच देतात.

१०/ आता नावांकडे वळू. 'पेशवा' हा शब्द फारसी. 'पलटण' इंग्रजांच्या फौजेतून आलेला. दोन्ही परके, दोन्ही पुण्याच्या संघांना दिलेले. 'पुणेरी पलटण' पहिल्या हंगामात तळाला होती. २०२२ च्या अंतिम सामन्यात हरली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रथमच विजेती ठरली. 'पेशवाज'ना हरण्यासाठीही दहा वर्षे मिळाली नाहीत. फरक शब्दाचा नव्हे, सातत्याचा आहे.

११/ 'हंगाम' हा शब्द शेतकऱ्याला विचारा. एकदाच पेरून निघून जाणाऱ्याला हंगाम म्हणजे काय ते कळत नाही. जो परत येतो, त्याचाच हंगाम असतो.

१२/ म्हणून वाशिमच्या मित्रांना मुद्दाम सांगतो. आपले वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचणाऱ्या सर्वसेनाचे नगर. उद्या कोणी 'वाकाटक वॉरियर्स' असा संघ काढला आणि आपल्या प्रोफाइलवर त्याचे बोधचिन्ह झळकले, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. मैदान कुठे आहे? आपल्या जिल्ह्यातील किती मुले-मुली त्यावर रोज खेळतात? आणि पुढच्या वर्षी हा संघ येथे असेल काय?

१३/ उत्तर मिळाले नाही, तर समजावे की आपला इतिहास कोणीतरी जर्सीवर छापण्यापुरता उसना घेतला आहे. इतिहासप्रेमींनी नावाला भुलणे, हा इतिहासाचाच अपमान आहे. नागपाड्याच्या मुलांनी राजवंशाचे नाव मागितले नव्हते. त्यांनी मागितले होते एक मैदान आणि एक चेंडू. आपणही तेच मागावे, आणि मिळेपर्यंत मागत राहावे.