आधी गारवा, मग गाडी

किन्हीराजासारख्या गावात उन्हाळ्याची सुटी म्हणजे मुलांचे क्रिकेट, कबड्डी आणि पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव. वैशाखात वाशीम जिल्ह्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तरी मैदान ओस पडत नाही. खेळ वर्ज्य नव्हे. मात्र उष्णतेचा आजार ओळखता येणे प्रत्येक घरास आवश्यक आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यास उन्हात बसलेल्या जनसमुदायापैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ती माणसे धावत नव्हती. धावताना स्नायूंत खर्च होणाऱ्या शक्तीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेत बदलतो. खेळाडू बाहेरून तापतो, तसा आतूनही तापतो.

पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही पहिली सूचना होय. त्याच क्षणी खेळ थांबवून मुलास सावलीत न्यावे. पाणी व ओआरएस द्यावे. तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर उष्माघातच समजावा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. खेळाडूस घामाने भिजलेल्या स्थितीतही उष्माघात होतो. १०८ क्रमांकावर कळवावे, परंतु गाडीची वाट पाहत बसू नये. अंगभर गार पाणी ओतावे, वारा घालावा. मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. मोठे रुग्णालय दूर असलेल्या गावात ही पहिली मिनिटेच प्राण वाचवितात.

जैन कुटुंबांनी आणखी एक विचार करावा. चौविहार करणारा मुलगा सूर्यास्तानंतर पाणी पीत नाही आणि नवकारशी येते सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. पहाटेच्या सरावास तो रात्रभराची तहान घेऊन धावतो. यासाठी नियम मोडण्याचे कारण नाही; वेळ बदलावी. नवकारशीनंतर पाणी पिऊन हलका सराव करावा, अथवा सायंकाळचा सराव सूर्यास्तापूर्वी तासभर आधी संपवावा, म्हणजे पाणी पिण्यास अवसर मिळतो. उपवास वा आयंबिलाच्या दिवशी मैदानास सुटी द्यावी. संकोचापोटी मुले तपाची गोष्ट मैदानावर सांगत नाहीत. ती प्रशिक्षकास पालकांनी सांगावी.

पच्चक्खाणातही आजारपणासाठी आगार ठेवलेला आहे. जीवदयेचे पाठ घेणाऱ्या घरात आपल्याच लेकराच्या जिवाची दया विसरली जाऊ नये.