मधला ढीग

दिवाळीच्या फराळाला बसल्यावर कुणी गाऱ्हाणे मांडू नये, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. तो मी आज मोडतो आहे.

माझे नाव वामन. इंग्रजीत ते कुणी ‘व्ही’ने लिहितो, कुणी ‘डब्ल्यू’ने. ३४ वर्षे नोकरी केली, तेव्हा त्यापायी कुणाचे काही अडले नाही. पण दोन वर्षांपूर्वी एका कचेरीने आपले दप्तर दुसऱ्या कचेरीच्या दप्तराशी यंत्राकरवी ताडून पाहिले आणि व्हीचा वामन व डब्ल्यूचा वामन हे दोन निराळे इसम ठरले. त्यांतल्या एकाचे निवृत्तिवेतन थांबले. तो एक म्हणजे मी! खिडकीवरचे गृहस्थ मोठे सभ्य. “आजोबा, जुळत नाही,” एवढेच म्हणत. पाच महिने म्हणत होते.

माझा मुलगा संगणकाच्या नोकरीत आहे. असल्या जुळवाजुळवीच्या युक्त्यांचा एक जुना नमुना त्याने मला दाखवला. नाव ‘साउंडेक्स’, अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली त्याचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढचे स्वर गाळायचे, व्यंजनांना आकडे द्यायचे. त्या हिशेबाने मी एकदा व्ही-५५० आणि एकदा डब्ल्यू-५५०. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. आपण ते इंग्रजीत ‘डी’ने लिहितो, हिंदी मंडळी ‘जी’ने, संस्कृतज्ञ ‘जे’ने. रेड्यामुखी वेद वदवणाऱ्या माउलींनाही या युक्तीकडून आपले नाव धड वदवता आले नसते!

असो. दप्तरे जोडूच नयेत, असे मी म्हणत नाही. १९५९ साली कॅनडात हॉवर्ड न्यूकोम्ब यांनी विवाहाच्या आणि जन्माच्या नोंदी यंत्राने जोडून दाखवल्या. किरणोत्सर्गाचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो, हे त्यांना शोधायचे होते. याहून चांगले काम कोणते? पुढे १९६९ साली त्याच देशातल्या फेलेगी आणि संटर या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी या विद्येला गणिताची बैठक दिली. त्यांनी नोंदींच्या जोड्यांचे तीन ढीग केले: जुळल्या, न जुळल्या, आणि मधला, संशयाचा. हा मधला ढीग माणसाने डोळ्यांखालून घालायचा. त्या मधल्या ढिगापायी मी दोघांनाही मनोमन नमस्कार करतो.

आमच्या कारभाऱ्यांनी यंत्र घेतले आणि मधला ढीग तेवढा टाकून दिला. का, तर त्याला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. संशयाचे सगळे आता ‘न जुळल्या’त जाते. मग कागद घेऊन खिडक्या पालथ्या घालायच्या आम्ही. मधल्या ढिगाचा कारकून आता मीच, तोही बिनपगारी!

कुणी म्हणेल, एका म्हाताऱ्याची अडचण ती काय. तर ऑस्ट्रेलियाकडे पाहा. तिथे २०१५ पासून सरकारने मदत घेणाऱ्यांच्या नोंदी प्राप्तिकराच्या दप्तराशी ताडल्या. वर्षाच्या कमाईला २६ने भागले आणि प्रत्येक पंधरवड्याला तेवढीच कमाई झाली, असे धरले. चार महिने राबून आठ महिने बेकार राहिलेला माणूस त्या भागाकारात लबाड ठरला. नावे जुळली होती हो, अर्थ चुकला होता! शंका आली तर पूर्वी अधिकारी मालकाकडे चौकशी करीत. तेही काम नागरिकाच्याच गळ्यात घातले. २०१९ साली न्यायालयात हे सारे बेकायदा ठरले. २०२० साली सरकारने ४ लाख ७० हजार वसुल्यांचे सुमारे ७२ कोटी डॉलर परत करायचे कबूल केले. ज्यांनी त्या पायी जीव दिला, त्यांच्या घरी काय परत करणार?

कोट्यवधी नोंदी हाताने कोण तपासणार, असा प्रश्न मला हमखास विचारतात. सगळ्या तपासा असे म्हणतो कोण? मधल्या तपासा. आणि तपास होईतो वेतन चालू ठेवा. शंका तुमची आणि उपास माझा, हा कुठला न्याय?

माझे वेतन शेवटी सुरू झाले. व्हीचा वामन आणि डब्ल्यूचा वामन एकच, असे प्रतिज्ञापत्र मला स्वखर्चाने करून द्यावे लागले. सहीच्या वेळी वकीलसाहेबांनी मिस्कीलपणे विचारले, “कोणत्या वामनाची करता?”

मी मराठीत केली.