पाठीवरचं ओझं सायकलला द्या

रविवारी पहाटे कात्रज घाटाकडे किंवा नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागलेले सायकलस्वार बघावेत. हेल्मेट, हातमोजे, दिवे सगळं जागच्या जागी असतं, आणि अनेकांच्या पाठीवर फुगलेली सॅकही असते. पाण्याच्या बाटल्या, जादा ट्यूब, पंप, रेनकोट, केळी, पॉवर बँक असं सगळं तिच्यात कोंबलेलं असतं. तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत हे खपून जातं. शंभर-दोनशे किलोमीटरच्या राइडला मात्र पाठीवर ओझं घेणं चूकच आहे. पाणी आणि सामान सायकलनेच वाहायला हवं.

यामागचं कारण शरीराच्या ठेवणीत आहे. चालताना सॅकचा भार कण्यातून कमरेवर आणि कमरेतून पायांवर उतरतो. सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो, त्यामुळे तोच भार खांदे, मनगटं आणि कमरेच्या स्नायूंना तोलून धरावा लागतो. त्यातच रस्ता दिसावा म्हणून मान सतत वर उचललेली. बाकीचं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं आणि प्रत्येक खड्ड्याला तिथेच आदळतं. सीट टोचते म्हणून लोक जेलचं कव्हर घेतात, महागडी शॉर्ट्स घेतात, सीटसुद्धा बदलतात. पाठीवरचे पाच-सहा किलो मात्र तसेच राहतात. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. पाठीला सॅक चिकटलेली असेल तर तिथला घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणजे पाणी शरीराबाहेर जातं आणि गारवाही पदरात पडत नाही.

यावर पहिला आक्षेप असतो, ‘वजन पाठीवर असो की सायकलवर, चढाला ओढायचं ते ओढावंच लागतं.’ हे खरं आहे. घाटात गुरुत्वाकर्षण कुणालाही सूट देत नाही. फरक ओढण्यात नसून पेलण्यात आहे. सायकलच्या फ्रेमला स्नायू नाहीत, ती दहा तासांनीही अवघडत नाही. आपल्या गावोगावच्या दूधवाल्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांची सायकल जवळून पाहा. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेल्या असतात, त्यांचा तळ मागच्या चाकाच्या आसाजवळ येतो आणि दोन्हीकडचा भार जवळपास सारखा असतो. भार जितका खाली आणि चाकाजवळ, तितकी सायकल कमी डुलते. लांब पल्ल्याचे प्रवासी कॅरिअरला दोन्ही बाजूंनी ज्या पॅनिअर बॅगा अडकवतात, त्यांची रचनाही नेमकी अशीच असते. हँडलवरच्या बॅगेत हलक्या वस्तूच ठेवाव्यात, कारण तिथलं वजन सायकल वळवताना जाणवतं. सीटखालची बॅग पट्ट्यांनी इतकी आवळावी की ती हलता कामा नये.

पाण्याचा हिशेब थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण सॅकचं समर्थन बहुतेक वेळा पाण्याच्या नावाने होतं. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते. उन्हात तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी लागतं, म्हणजे दिवसभराचं सगळं पाणी सोबत नेणं कुणालाच शक्य नाही. ते वाटेत भरून घ्यावंच लागतं. तेव्हा सोबत हवं ते पुढच्या हॉटेलापर्यंत किंवा गावातल्या नळापर्यंत पुरणारं पाणी. फ्रेमच्या त्रिकोणात पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात, म्हणजे दीड लिटर झालं. पुणे-कोल्हापूर महामार्गावर ते पुरेसं आहे. ताम्हिणी किंवा वरंधा घाटासारख्या, दूरवर दुकान नसलेल्या वाटेवर एखादी बाटली वाढवावी, पण तीही सायकलवरच. बाटलीचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे किती प्यायलो हे डोळ्यांना दिसतं. एका बाटलीत मीठ-साखरेचं पाणी आणि दुसरीत साधं, असंही करता येतं. लांबच्या राइडला नुसतंच पाणी ढोसत राहणं धोक्याचं असतं, म्हणून ही सोय महत्त्वाची.

नळीने पाणी पिण्याच्या पाठपिशवीची बाजूही ऐकायला हवी. 1980च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमध्ये मायकल आयडसन या सायकलस्वाराने सलाइनची पिशवी लांब मोज्यात घालून पाठीला लावली आणि नळी तोंडापर्यंत आणली. कॅमलबॅक पिशवीचा जन्म त्यातून झाला. दगडधोंड्यांच्या पायवाटेवर हँडल सोडता येत नाही, आणि मागे-पुढे सस्पेन्शन असलेल्या काही सायकलींच्या फ्रेममध्ये बाटलीला जागाच नसते. अशा ठिकाणी ही पिशवी योग्यच आहे. डांबरी रस्त्यावर मात्र तिची गरज उरत नाही. तिची नळी घासून, वाळवून ठेवायची कटकट वेगळीच, आणि कोकणातल्या दमट हवेत त्यात हयगय झाली की आत बुरशी धरते. बाटली कुठल्याही नळावर धुता येते. खड्ड्यात बाटली उडते, पावसात तिच्या तोंडाला चिखल लागतो, या तक्रारी खऱ्या आहेत. पण बाटली धरून ठेवणारा घट्ट पकडीचा केज आणि झाकणाची बाटली घेतली की त्या बऱ्याच अंशी मिटतात.

खरी अडचण उंचीने कमी असलेल्यांची, विशेषतः अनेक स्त्रियांची आहे. छोट्या फ्रेमच्या त्रिकोणात मोठी बाटली बसत नाही, बसली तरी काढता येत नाही. बाजूने बाटली निघणारे केज आणि हँडलजवळ लावायच्या बाटलीच्या पिशव्या मिळतात, पण त्याची माहिती दुकानदाराने आपणहून द्यायला हवी. स्वस्त सायकलींमध्ये तर केज बसवायला फ्रेमवर आटे पाडलेली भोकंच नसतात आणि ग्राहकाला पट्ट्यांचा जुगाड करावा लागतो. कंपन्यांनी प्रत्येक सायकलला निदान दोन केजची आणि कॅरिअरची सोय फ्रेममध्येच द्यावी. ग्राहकांनीही सायकल घेताना गिअर मोजण्याआधी ही भोकं मोजावीत, आणि ती नसतील तर तसं दुकानदाराला ठणकावून सांगावं.