पासवर्ड ग्राहकाचा, जबाबदारी आपली

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फायबरची जोडणी कशी दिली जाते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. खांबावरून वायर ओढायची, स्प्लायसिंग करायचे, पॉवर मीटरवर सिग्नल बघायचा, ओएनटी भिंतीवर ठोकायचा, पीपीपीओई आयडी टाकायचा, ग्राहकाच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवायची आणि पुढचे घर गाठायचे. या सगळ्यात वायफायच्या पासवर्डला वेळ लागत नाही, कारण तो आधीच ठरलेला असतो. ग्राहकाचा मोबाइल नंबर, नाही तर त्याच्या नावापुढे 123, नाही तर आपल्याच केबल नेटवर्कचे नाव. एका घराचा पासवर्ड कळला की आळीतल्या दहा घरांचा अंदाज येतो. ओएनटीच्या आतल्या पानाचा अ‍ॅडमिन पासवर्ड तर अनेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच राहतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: ग्राहकाने आपल्यासमोर, स्वतःच्या हाताने, संगणकावरून पासवर्ड बदलल्याशिवाय जोडणीचे काम पुरे झाले असे धरू नये.

यात नवे काय, असे कोणी म्हणेल. जुनीच दोन उदाहरणे पुन्हा आठवू. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या जोडणीवरून गेल्याचे तपासात निघाले. त्याचे वायफाय उघडे होते. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून तसेच ईमेल गेले. जानेवारी 2009 मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्याची मोहीम हाती घेतली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा देणाऱ्यांसाठी वायफाय सुरक्षेच्या सूचना काढल्या.

आज पूर्ण उघडे वायफाय क्वचित दिसते. पण साऱ्या आळीला ठाऊक असलेला पासवर्ड आणि उघडे वायफाय यांत तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने फार फरक नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्या नॅटच्या मागे असतात. एका सार्वजनिक आयपीवर अनेक घरे. कोणत्या वेळी कोणते घर होते, हे परवानाधारक कंपनीच्या नोंदींवरून काढता येते आणि त्या नोंदी दोन वर्षे जपण्याचे बंधन डिसेंबर 2021 पासून आहे. मात्र तो माग घरापर्यंत येऊन थांबतो. घरातला मुलगा, माडीवरचा भाडेकरू की रस्त्यावर गाडी लावून बसलेला माणूस, हे नोंद सांगत नाही. पोलीस येतात ते ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्याकडे, आणि त्याच्या पाठोपाठ आपल्याकडे.

दुसरे उदाहरण जुलै 2017 चे. त्या महिन्याच्या शेवटी बीएसएनएलच्या हजारो ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम एकाएकी बंद पडले. इंटरनेटवरून थेट पोचता येणारे आणि कारखान्याचाच पासवर्ड असलेले मोडेम शोधून निकामी करणारा ब्रिकरबॉट नावाचा प्रोग्राम त्यामागे होता. ग्राहकांनी मोडेम रीसेट करून पासवर्ड बदलावा, असे कंपनीला सांगावे लागले. आदल्याच वर्षी मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्याच्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोरावर जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते, आणि 21 ऑक्टोबर 2016 रोजी अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइटी त्यामुळे तासन्‌तास बंद होत्या. आपल्यापैकी अनेक जण जोडणीबरोबर सीसीटीव्हीही बसवतात, म्हणून हे लक्षात ठेवायचे. ब्रिटनने तर 29 एप्रिल 2024 पासून घरगुती उपकरणांवर सरसकट एकच कारखानी पासवर्ड ठेवण्याला कायद्याने मनाई केली. कारखानदाराने तिथे जे करायचे, ते इथे आपल्यालाच घरोघरी करावे लागणार आहे.

मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून का नको, याचा हिशेब सोपा आहे. डब्ल्यूपीए2 वर फोन राऊटरला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती बाहेरून टिपता येते, आणि मग घरी बसून एकेक पासवर्ड ताडून बघता येतो. राऊटरला पत्ता लागत नाही. मोबाइल नंबर 6 ते 9 या आकड्यांनी सुरू होतो, म्हणजे शक्यता 400 कोटी. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण गेमिंगच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचे काम आहे. आठ आकडी पासवर्ड असेल तर शक्यता 10 कोटी, काम काही मिनिटांचे. आणि दुकानाच्या पाटीवर नंबर लिहिलेला असताना शेजाऱ्याला ग्राफिक्स कार्डाचीही गरज नाही.

आता कामाकडे वळू. ग्राहकाच्या डोक्यात तीन पासवर्डांचा गोंधळ असतो. खरे तर आपल्या नव्या पोरांच्याही असतो. एक वायफायचा, जो फोनमध्ये टाकतात. दुसरा ओएनटीच्या पानाचा. तिसरा पीपीपीओईचा, ज्यावर कंपनीकडून नेट मिळते; त्याला ग्राहकाने हात लावायचा नाही. याखेरीज विंडोजच्या सेटिंगमध्ये दिसतो तो संगणकाने जपून ठेवलेला पासवर्ड. तो तिथे बदलून ‘पासवर्ड बदलला, आता नेटच लागत नाही’ असा फोन करणारे ग्राहक सर्वांना भेटले असतील. पासवर्ड बदलतो तो ओएनटीत. संगणक ही तिथे पोचण्याची वाट आहे, हे आधी समजावून सांगावे.

संगणकच का? कारण त्याला लॅन केबल लावता येते. वायफायवरूनच बदल केला तर ‘अप्लाय’ दाबताक्षणी जोडणी तुटते, बदल झाला की नाही ते कळत नाही आणि ग्राहक घाबरतो. केबल लावून कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की डिफॉल्ट गेटवे दिसतो, बहुतेकदा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. हा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकायचा, गुगलच्या शोधचौकटीत नव्हे. ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देईल. पान घरातल्याच उपकरणाचे आहे, पत्ता आपणच केबलवरून शोधला आहे, एवढे ग्राहकाला सांगावे. एरवी कुठल्याही वेबसाइटवर तो इशारा धुडकावू नये, हेही त्याच दमात सांगावे.

आत गेल्यावर डब्ल्यूलॅन किंवा वायरलेस या नावाखाली सिक्युरिटीचे पान असते. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झची पाने बहुधा वेगळी असतात, आणि एकीकडे बदलून दुसरीकडे विसरणे ही नेहमीची चूक. सुरक्षा डब्ल्यूपीए2, एईएससह. डब्ल्यूपीए3 असेल तर दोन्हींचा मिश्र पर्याय, म्हणजे जुने फोन आणि टीव्ही अडत नाहीत. डब्ल्यूपीएस बंद करावे. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे 11,000 प्रयत्नांत तो सापडतो, हे 2011 मध्येच उघड झाले आहे. बाहेरून, म्हणजे वॅनच्या बाजूने, ओएनटीचे पान उघडू नये अशी सेटिंग करावी. काही ओएनटींत ‘अप्लाय’ पुरत नाही. कमिट किंवा सेव्ह वेगळे करावे लागते. ते राहिले तर वीज जाऊन आली की जुना पासवर्ड परत येतो. वळवात ओएनटी जळून नवा बसवला, तर सगळे कारखान्याच्या सेटिंगवर गेलेले असते. तेव्हाही हीच उजळणी.

पासवर्ड निवडताना मराठी माणसाला एक अडचण येते. डब्ल्यूपीए2 चा पासवर्ड 8 ते 63 रोमन अक्षरांत, आकड्यांत आणि चिन्हांत असतो. देवनागरी त्यात धरलेली नाही. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचे म्हटले तर एकाच घरात तीन स्पेलिंगे होतात. म्हणून ज्यांचे स्पेलिंग एकच होईल असे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत आणि मध्ये आकडा घालावा. देवाचे नाव, गडाचे नाव, जयभवानी, मुलांची नावे, गाडीचा नंबर हे सारे टाळावे. शब्द ग्राहकानेच निवडावेत आणि टाइप करताना आपण स्क्रीनकडे बघू नये.

बदल झाल्यावर अर्धे काम उरते. घरातल्या प्रत्येक फोनवर जुने नेटवर्क ‘फरगेट’ करून नवा पासवर्ड टाकायचा. मग टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे, सोलर इन्व्हर्टर. यांतली बरीच उपकरणे फक्त 2.4 वर चालतात. विटा, खानापूर, आटपाडी भागात गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात गेलेल्यांची घरे आहेत. घरात म्हातारे आई-वडील, आणि मालक दूरवरून कॅमेऱ्यात घर बघतो. कॅमेरा जोडायचा राहिला तर त्याला घर दिसायचे बंद होते. निघण्यापूर्वी एकदा त्याला फोन करून चित्र दिसते का ते विचारावे.

आता आपल्याच व्यवसायबंधूंचे आक्षेप. पहिला: ग्राहक पासवर्ड विसरतो आणि रात्री दहाला फोन करतो. खरे आहे. पण जोडलेल्या विंडोज संगणकात जपलेला पासवर्ड पाहता येतो, बहुतेक अँड्रॉइड फोन क्यूआर कोड दाखवतात, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी तर सर्वांत भरवशाची. दुसरा: ग्राहकाला पान दिले तर तो व्हीलॅन नि पीपीपीओई बिघडवून ठेवील. म्हणूनच अनेक ओएनटींत दोन लॉगिन असतात. साधे लॉगिन ग्राहकाला द्यावे, सुपर अ‍ॅडमिन आपल्याकडे ठेवावे, मात्र प्रत्येक घरी वेगळ्या पासवर्डने. तिसरा: घरात संगणकच नाही. मग आपला लॅपटॉप न्यावा आणि ग्राहकाला टाइप करू द्यावे.

सर्वांत नाजूक गोष्ट आपल्या कार्यालयातली. ग्राहकांचे पासवर्ड कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय अनेकांना आहे. काम सोडून गेलेला मुलगा ते सगळे खिशात घेऊन जातो. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 क खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सुपर अ‍ॅडमिनच्या नोंदी एकाच कुलूपबंद वहीत किंवा फाइलमध्ये, एकाच जबाबदार माणसाकडे असाव्यात. वायफायचा पासवर्ड आपल्याकडे असण्याचे कारणच नाही.

काही ठिकाणी याहून पुढे जावे लागेल. महाबळेश्वर, पाचगणी, भिलारच्या घरगुती निवासांत पाहुण्यांना मालकाच्याच वायफायवर घेतले जाते, आणि त्याच नेटवर्कवर मालकाचे कॅमेरे नि बिलाचा संगणक असतो. तिथे वेगळे गेस्ट नेटवर्क करून द्यावे. मिरजेच्या दवाखान्यांना हे दुप्पट लागू. मुलांच्या वापराचा प्रश्नही घरोघरी आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला आणि देशभर त्याची चर्चा झाली. वायफाय ठरावीक वेळी बंद ठेवण्याची सोय बऱ्याच राऊटरमध्ये त्याच पानावर असते. पालकांना ती दाखवावी. फक्त अ‍ॅडमिनचा कारखानी पासवर्ड बदललेला नसेल तर आठवीतला मुलगा ती वेळ पाच मिनिटांत काढून टाकतो.

हे सगळे करायला दर घरी पाव तास जास्त लागेल. एखाद्या दिवशी एक जोडणी कमी होईल. पण मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा करताना गावातल्या ऑपरेटरकडे दर कमी करण्यापलीकडे जे उरते ते ग्राहकाचा विश्वास, आणि तो या पाव तासात मिळतो.

म्हणून आमची विनंती अशी. हा अंक वाचून झाला की आधी स्वतःच्या दुकानातल्या राऊटरचे पान संगणकावर उघडा आणि दोन्ही पासवर्ड बदला. मग कामगारांना बसवून तेच करून दाखवा, ग्रुपवरचे जुने पासवर्ड पुसायला लावा. उद्याच्या जोडणीपासून कामाच्या पावतीवर ‘पासवर्ड ग्राहकाने बदलला’ अशी एक ओळ छापा आणि तिच्यापुढे ग्राहकाची सही घ्या. जुन्या ग्राहकांकडे तक्रारीसाठी जाल तेव्हा हेच काम एकेका घरी उरकत चला.