जंगलाची पत्रिका कोण काढणार?

मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचा एक आकडा असतो. 0.5 टक्क्यांच्या खाली असला तर कमी, 0.75 च्या वर गेला तर जास्त, मधला तो मध्यम. 2015 साली ही योजना आली तेव्हापासून चंद्रपूर-गडचिरोलीतही पत्रिका वाटल्या गेल्या आणि बऱ्याच घरांत त्या सातबाऱ्याच्या पिशवीत घडी घालून पडून आहेत. पण पत्रिका निघते ती शेताची. गडचिरोलीच्या दोन तृतीयांशाहून जास्त भागावर जंगल आहे, त्या मातीची पत्रिका काढायला कुणी येत नाही. भारतीय वन सर्वेक्षण देशपातळीवर अंदाज बांधतं आणि त्या अंदाजात वनांतला निम्म्याहून अधिक कर्ब झाडांत नव्हे, मातीत असतो. धानोरा तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेला त्या राष्ट्रीय आकड्याचा उपयोग काय?

हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण दोन हजार टन माती. त्यात अर्धा टक्का कर्ब म्हणजे दहा टन. पत्रिकेवर 0.4 चा 0.9 झाला तर हेक्टरी दहा टन कर्ब हवेतून जमिनीत आला. उलटं झालं तर तेवढाच हवेत गेला, आणि त्याचा धूर दिसतोच असंही नाही.

हा आकडा दर काही कोसांवर बदलतो. चंद्रपूर जिल्ह्यात पश्चिमेला वरोरा, राजुरा, कोरपना ही काळी कापसाची माती. काळी म्हणजे कसदार, ही आपली पक्की समजूत. पण तो रंग खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा असतो, त्यामुळे दिसायला काजळासारखी जमीन कर्बात कंगाल निघू शकते. पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवायची, शेणखत वर्षागणिक कमी टाकायचं आणि मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात नांगरट उघडी ठेवायची, मग दुसरं काय होणार?

पूर्वेकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल. इथली बरीचशी माती रेताड, मुरमाड, म्हणजे कागदावर हलकी. तरीही सखल भागातली धानाची बांधी कर्ब राखून असते, कारण पाणी साचलेल्या चिखलात हवा पोचत नाही आणि मुळं, धसकटं सावकाश कुजतात. वरच्या जंगलातून वाहून आलेला पालापाचोळा मामा (माजी मालगुजारी) तलावात, बोडीत गाळ होऊन बसतो. तो उन्हाळ्यात बैलगाडीने बांधीत टाकणारे लोक कर्बाचं शास्त्र न शिकताच राबवत होते. (त्याच साचलेल्या पाण्यातून मिथेनही निघतो, हे धानाच्या गौरवगीतात कुणी गात नाही.)

चंद्रपूरचं एक खास त्रांगडं आहे. घुग्घुस, माजरी, दुर्गापूर भागात खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. ही माती खोलातली, जिवंतपणा नसलेली. पण प्रयोगशाळेत तिचा नमुना दिला तर सेंद्रिय कर्ब चांगला येऊ शकतो! तपासणीची नेहमीची पद्धत 1934 सालची, वॉकली आणि ब्लॅक यांची: मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल ओतायचं आणि किती डायक्रोमेट खर्ची पडलं ते मोजायचं. नमुन्यात कोळशाची भुकटी असली की काही अंशी तीही त्यात धरली जाते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं श्रेय मग आजच्या ढिगाऱ्यावरच्या वृक्षारोपणाला मिळतं.

आता जंगल. मिश्र जंगलात जानेवारी-फेब्रुवारीत खाली वाकून पाचोळा बाजूला केला तर वर कोरडी, करकरीत पानं, त्याखाली जाळी झालेली, नुसत्या शिरा उरलेली, आणि तळाशी पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी बांधलेला ओलसर काळा चुरा. वाळवीचे मातीचे बोगदे त्यातूनच गेलेले. तो चुरा हाच उद्याचा कर्ब. वन विकास महामंडळाने 1974 पासून ठिकठिकाणी असं मिश्र जंगल साफ करून साग लावला. सागाच्या रुंद पानावर पावसाचे थेंब एकत्र होऊन मोठे होतात आणि खाली झुडपं-गवत नसेल तर माती उखडतात. झाडांची मोजदाद भरते, जमीन मात्र धुपत राहते. उलट ताडोब्यातली नवेगाव, जामणीची शेतं गावं उठल्यावर कुरणं झाली. तिथे गवताची मुळं दरवर्षी मातीतच मरतात आणि कर्ब खाली पेरतात. पर्यटक तिथे वाघ बघून परततात, ते ठीकच.

जंगलातल्या मातीचं भवितव्य ठरतं ते फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला कोवळा फुटवा यावा म्हणून जंगल. एकदा लागलेल्या हलक्या आगीने माती बरबाद होत नाही, थोडा कोळसा उरतो आणि तो टिकतोही. पण दरवर्षी आग लागली की तो तळचा काळा चुरा कधी तयारच होत नाही. यासाठी वेचणाऱ्या बायांना दोष देणं मला साफ नामंजूर आहे. तेंदूचा हंगाम हा कित्येक घरांचा वर्षातला मोठा रोख पैसा. मोहाखाली जाळी बांधता येते, तेंदूची झुडपं छाटूनही फुटवा घेता येतो. मात्र त्याची मजुरी कुणीतरी द्यायला हवी.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने वेगळा मार्ग धरला. 2012 मध्ये हजारेक हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावाव्या लागतात. कमाई बांबूवर उभी केली. याउलट 2016 ते 2019 या काळात राज्याने दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत झाडांची उद्दिष्टं जाहीर केली, खड्डे मोजले, रोपं मोजली. न लागलेल्या वणव्याने मातीत किती कर्ब राखला, हा रकाना त्यात नव्हता.

तो रकाना आता ग्रामसभांनीच उघडावा. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो नागपुरात आहे, गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे. आग लागणारा एक तुकडा, न लागणारा एक, शेजारी सागाचा एक आणि बांधीचा एक. तीस सेंटिमीटर खोलीपर्यंत, दगड-गोटे वेगळे काढून, मातीचा घट्टपणा मोजून, दर पाच वर्षांनी त्याच जागी त्याच महिन्यात नमुने घ्यायचे. कर्बाचा बाजार गावापर्यंत आला तर पहिला प्रश्न ‘सुरुवातीला किती होता’ हाच असेल, आणि गावाकडे स्वतःचा आकडा नसला तर तो खरेदीदार ठरवेल.