तलावाकांठची वस्ती

शेतापेक्षां भूखंडाचा भाव अधिक, म्हणून तलावालगतची जमीन 'ले-आउट'साठीं देण्याचा मोह आमच्या उमरखेडच्या शेतकरी बंधूंसही पडणें साहजिक आहे. उन्हाळ्यांत कांठ कोरडा दिसतो, आणि गिऱ्हाईक तेवढेंच पाहतें. पण 23 सप्टेंबर 2023 रोजीं पहांटे नागपुरांत कांहीं तासांत 100 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव भरून वाहिला व त्याखालील वसाहतींत घरोघरीं पाणी शिरलें.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वयें विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. तलावाकांठ शेतीकडे राहील कीं घरांकडे जाईल, हें त्याच वेळीं ठरतें. म्हणून तलाव तुडुंब भरतो तेव्हांची पाणरेषा, सांडवा व त्याखालचा नाला नगर परिषदेनें आधीं जागेवर मोजून नकाशांत दाखवावा, आणि तेवढी जागा मोकळी ठेवूनच भूखंडांस मंजुरी द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. पाणी कोठवर चढतें हें कांठच्या शेतकऱ्यांइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? तें त्यांनीं मुदतींत लेखी कळवावें. खरेदीखत झाल्यावर बोलून उपयोग नाहीं.